दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ काय म्हणते?

वाचकाचं पत्र, थोडं कमी करून:

"ताई, नमस्कार. वय ४९, काम दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून. खाण्यावर कंट्रोल आणि रोज चालणं, एवढ्यावर १४ महिन्यांत १०४ किलोवरून ७८ वर आलो. सगळे म्हणाले आता वजन गेलं, पाठ-गुडघे सुखी होतील. मग मीच उत्साहात पळायला लागलो, जिमपण लावली, आणि दोन महिन्यांत एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकलो तो सरळच होता येईना. एमआरआयमध्ये एल४-एल५ला, म्हणजे कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये, डिस्क बल्ज निघाला, म्हणजे मधली गादी बाहेर फुगलेली. औषधं झाली, ६ आठवडे फिजिओथेरपी झाली, आता दुखणं बरंच कमी आहे पण पाठ कायम आखडलेली आणि उजव्या मांडीत अधूनमधून कळ. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची गरज नाही, चाला आणि हलकी योगासनं करा. म्हणून एका क्लासला गेलो. सगळे सराईत, मी एकटाच नवीन. पाय पसरून पुढे वाकायच्या पश्चिमोत्तानासनात माझे हात गुडघ्यांच्या पुढे जाईनात म्हणून सरांनी मागून पाठ दाबली. पुढचे ५ दिवस पायात कळा, परत गेलो नाही. योगासनांना खरंच व्यायाम म्हणायचं का, की नुसतं ताणणं? पळणं-जिम बंद झालंय, गेलेलं वजन परत येईल ही भीती एवढी की दिवसातून ३ वेळा काट्यावर उभा राहतो. आणि खरं सांगतो, पोटावर लोंबणाऱ्या कातडीची लाज वाटते, क्लासमध्ये टीशर्ट वर सरकला की नको वाटतं. मला योगा जमेल का?"

नमस्कार,

आधी त्या दाबलेल्या पाठीबद्दल बोलते कारण ते वाचतानाच मला राग आला. तुमचे हात गुडघ्यांच्या पुढे गेले नाहीत यात तुमची काहीही चूक नाही. मांडीच्या मागचे स्नायू, हॅमस्ट्रिंग म्हणतात ते, आपण बसतो त्या हाडाला वरून जोडलेले असतात. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून ते आखडले की पाय सरळ करून बसल्यावर ते त्या हाडाला धरून ठेवतात, खुबा पुढे वळतच नाही, मग वाकायचं सगळं काम कमरेच्या मणक्यांवर येतं आणि कंबर गोल होते. डिस्कच्या मागच्या बाजूला नेमका तिथेच ताण पडतो. बसून, पाय लांब करून, पुढे गोल वाकणं म्हणजे ज्याची डिस्क आधीच दुखावलीये त्याच्यासाठी सगळ्यात नकोशी स्थिती, आणि त्यात मागून कुणी वजन टाकलं तर पायात कळ जाणारच. ज्याला एल४-एल५चा त्रास आहे हे माहीत आहे त्याची पाठ दाबायची नसते. आणि माहीत नसेल तर आधी विचारायचं असतं.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. १२ वर्षांपूर्वी माझं १८ किलो वजन उतरलं, नंतर पाठ धरली, आणि एका क्लासमध्ये माझ्याही बाबतीत जवळजवळ हेच झालं. दीड वर्ष मी योगासनांचं नाव काढलं नाही. मग एक बाई भेटल्या शिकवणाऱ्या, त्यांनी पहिला महिनाभर मला उभंच केलं नाही, सगळं झोपून, पाय खुर्चीवर ठेवून. मला वाटायचं हा काय व्यायाम, नुसतं पडायचं. पण त्या रोज क्लास सुरू व्हायच्या आधी एकच विचारायच्या, "आज सकाळी उठताना पाठ कशी होती?" काल किती वाकलात, किती वेळ थांबलात, घाम आला का, यातलं काही नाही. त्या उत्तरावर त्या दिवसाचं सगळं ठरायचं. तुमच्या तिन्ही प्रश्नांना मला जे सांगायचंय ते याच एका सवयीवर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते, दमाने वाचा.

वजन उतरलं तरी पाठ का गेली, हे आधी नीट कळायला हवं, नाहीतर मनात राहतं की मी एवढं केलं आणि शरीराने दगा दिला. तसं नाहीये. वजन उतरतं तेव्हा फक्त चरबी जात नाही, स्नायूही जातात. ताकदीचा व्यायाम न करता नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर गेलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबी सोडून बाकीच्या ऊतींचा असू शकतो, त्यात स्नायू आले. तुमच्या २६ किलोंचा हिशोब करून बघा, ६ किलोच्या आसपास होतात. पाठीला मागून आणि पोटाकडून धरून ठेवणारे स्नायू त्यातच येतात. शिवाय पोट मोठं असताना बऱ्याच जणांना तोल सांभाळायला कंबर पुढे काढून, मागे रेलून उभं राहायची सवय लागलेली असते, पोट गेलं तरी ती सवय राहते. अशा पाठीवर तुम्ही एकदम पळणं आणि जिम दोन्ही टाकलंत. मनाची तयारी झाली होती, स्नायूंची नव्हती. नाडी बांधणं हे फक्त निमित्त झालं.

आणि तो एमआरआयचा कागद. बल्ज हा शब्द वाचला की माणूस घाबरून लाकडासारखा वागायला लागतो, मीही वागले आहे. पण पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,००० हून जास्त लोकांच्या स्कॅनचा एक आढावा २०१५ साली आला होता, त्यात पन्नाशीच्या लोकांपैकी साधारण ६० टक्के जणांना डिस्क बल्ज होता, आणि त्यांना काहीही त्रास नव्हता! म्हणजे तुमचा बल्ज खोटा नाही, पण तो दिसतोय म्हणून पाठ कायमची मोडली असाही अर्थ नाही. डिस्कला मोठेपणी थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, तिला पोषण मिळतं ते आजूबाजूने झिरपून, आणि त्या झिरपण्याला हालचालीची मदत होते. म्हणून डॉक्टर झोपून राहू नका, चाला म्हणतात.

आता, व्यायाम म्हणायचं का. हो म्हणायचं, पण कशासाठीचा व्यायाम ते बघायला हवं. कॅलरी जाळायच्या असतील तर शांतपणे केलेली योगासनं आणि रमतगमत चालणं यात फारसा फरक नाही, भरभर चालणं त्याच्या पुढे आहे. योगासनांनी वजन झरझर उतरतं असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण वजन तुम्ही उतरवलंच आहे हो! ते उतरवलं खाण्याने आणि चालण्याने, पळून किंवा जिममध्ये नाही, ती दोन्ही नंतर आली असं तुम्हीच लिहिलंय. मग पळणं बंद झालं म्हणून वजन परत का येईल? जे केल्याने गेलं ते चालूच आहे ना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम सांगितलंय. तुमचं चालणं पहिल्या भागात बसतं. दुसरा भाग तुमच्याकडे रिकामा आहे, तिथे ही आसनं येतात, म्हणजे सेतुबंधासन (पाठीवर झोपून बैठक, म्हणजे नितंब, उचलणं), शलभासन (पोटावर झोपून पाय मागे उचलणं), पुढे जाऊन वीरभद्रासन (उभं राहून एक पाय पुढे गुडघ्यात वाकवणं), यात आपलं स्वतःचं वजन उचलून धरावं लागतं आणि ३० सेकंद धरून बघा, मग ताणणं म्हणायची इच्छा होणार नाही. सोबत जेवणात प्रथिनं पुरेशी आहेत ना हे डॉक्टरांना विचारून घ्या, नाहीतर स्नायू बांधायला सामानच मिळत नाही.

पाठदुखीसाठी याचा उपयोग होतो का, तर होतो, पण जादू नाही. २०१७ साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ३२० जणांवर अभ्यास झाला, १२ आठवडे एका गटाला योगासनांचा खास बेतलेला हलका क्लास, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला माहितीचं पुस्तक. योगासनांचा गट फिजिओथेरपीच्या गटापेक्षा मागे पडला नाही. त्याच वर्षी तिथल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने जुनाट कंबरदुखीला आधी औषधांशिवायचे जे उपाय करून बघायला सांगितले त्यात योगही आहे. पण सगळे अभ्यास एकत्र करून बघणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यात असंही आलंय की फरक पडतो तो थोडाच, आणि काहीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा योगासनं करणाऱ्यांमध्ये पाठ जास्त दुखायला लागल्याच्या तक्रारीही जास्त. दोन्ही खरं आहे. योग्य आसन योग्य प्रमाणात मिळालं तर पाठ सुधारते, नको ते आसन मिळालं तर तुमचे ते ५ दिवस होतात.

मग योग्य प्रमाण ठरवायचं कसं? इथे त्या बाईंचा प्रश्न. आसन करताना शरीर गरम असतं, मन उत्साहात असतं, त्या वेळी सगळं छान वाटतं, म्हणून त्या वेळच्या वाटण्यावर फार विसंबू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ काय म्हणते ते ऐका. केल्यानंतर थोडं दुखलं आणि २४ तासांत पूर्वीसारखं झालं तर ठीक, तेवढंच चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी पाठ आदल्या दिवशीपेक्षा जास्त आखडलेली असेल तर काल जास्त झालं, आज अर्धं करा. सलग ४-५ दिवस सकाळ चांगली गेली तर एखादं आसन वाढवा, एकच. आणि पायातल्या कळेसाठी वेगळी खूण आहे, ती फिजिओंनी सांगितली असेल कदाचित: कळ मांडीतून वर सरकून कमरेपाशी येत असेल तर ते चांगलं लक्षण, जरी कंबर थोडी जास्त दुखली तरी. आणि कळ खाली, पोटरीकडे, पावलाकडे जायला लागली तर ते आसन तिथेच सोडायचं, "अजून दोन श्वास" वगैरे नाही.

वजनकाट्यावर ३ वेळा उभं राहण्याचंही मला यातच सांगायचंय. एका दिवसात वजन एक-दोन किलो वरखाली होतं, ते पाणी आणि जेवण असतं, चरबी नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी बघा, बास. रोज बघायचंच असेल काही तर एका वहीत रोज सकाळी पाठीला १० पैकी किती ते लिहा आणि काल काय केलं ते लिहा. १४ महिने आकड्यांनी तुम्हाला साथ दिली हे मला कळतं, आकडा सोडवत नाही. म्हणून आकडा सोडा म्हणत नाहीये, दुसरा घ्या म्हणतेय.

आता प्रत्यक्ष सुरुवात. डॉक्टरांनी हो म्हटलंय, तरी हे वाचून फिजिओला एकदा दाखवून घ्या, त्यांनी तुमची पाठ हाताने तपासली आहे, मी नाही.

वेळ महत्त्वाची आहे आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. सगळे सांगतात पहाटे उठून करा. पण रात्रभर आडवं असताना डिस्कमध्ये पाणी भरतं, ती फुगलेली असते, म्हणून सकाळी आपली उंचीही सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जास्त असते. अशा फुगलेल्या डिस्कवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. सकाळी उठल्याउठल्या पुढे वाकणं टाळणाऱ्यांची कंबरदुखी कमी झाल्याचा अभ्यासही झालेला आहे. तुमची पाठ सकाळी, बूट घालताना गेली, ते आठवा. तर उठा, आवरा, थोडं चालून या, तास-दीड तास जाऊ द्या आणि मग मॅटवर या, किंवा सरळ संध्याकाळी करा. पोट रिकामं हवं एवढंच.

पहिले ३ आठवडे १५ ते २० मिनिटं पुरे. पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, गुडघे काटकोनात, आणि ५ मिनिटं नुसता श्वास बघा, पोट वर येतंय, खाली जातंय. या स्थितीत कमरेवरचा भार खूप कमी होतो, मला आजही पाठ कुरकुरली की पहिली आठवण याचीच होते. मग पाय खाली घेऊन, गुडघे दुमडून, श्वास सोडताना कंबर हलकेच जमिनीला टेकवायची, घेताना सोडायची, अगदी छोटी हालचाल, ८-१० वेळा. त्याच स्थितीतून सेतुबंधासन, म्हणजे पाय रोवून बैठक वर उचलायची, पण छातीपर्यंत कमान नको, बैठक चार बोटं उचलली तरी चालेल, ओढ नितंबांच्या स्नायूंत जाणवायला हवी, कमरेत जाणवली तर खाली या. मग हळूच कुशीवर वळून हात-गुडघ्यांवर या आणि मार्जारासन, पाठ थोडी वर, थोडी खाली, तुमच्या बाबतीत गोल करायची बाजू कमी ठेवा. त्याच स्थितीत पाठ टेबलासारखी स्थिर ठेवून एक पाय मागे सरळ लांबवणं, पाठ न हलवता जमलं की समोरचा विरुद्ध हातही. हे दिसायला सोपं, पण पाठीचे खोलातले स्नायू इथेच कामाला लागतात. नंतर पोटावर, मकरासनात थोडं पडून राहा, आणि तिथून कोपरांवर छाती उचलून अर्धं भुजंगासन, इथे मांडीची कळ वर सरकतेय की खाली ते नीट बघा, तुमच्या पाठीला काय मानवतं ते इथे फार स्पष्ट कळतं. शेवटी गुडघ्यांखाली उशी घेऊन शवासन. आणि उठताना थेट उठून बसायचं नाही, कुशीवर वळायचं, हाताने जमीन ढकलायची आणि मग बसायचं. ही उठायची पद्धत दिवसभर, पलंगावरूनसुद्धा.

मांडीच्या मागचे स्नायू सैल करायचे आहेत पण वाकून नाही. झोपून एक पाय दुमडलेला ठेवा, दुसऱ्या पायाच्या तळव्याला पट्टा किंवा लांब टॉवेल अडकवून पाय वर घ्या, गुडघा थोडा वाकलेला असला तरी काही बिघडत नाही, पाठ मात्र जमिनीवर राहिली पाहिजे. सुप्तपादांगुष्ठासन म्हणतात त्याचं हे सोपं रूप. उजव्या पायात कळ आली तर त्या बाजूचं काही आठवडे सोडून द्या. पट्टा, खुर्ची, भिंत, घडी केलेलं ब्लँकेट हे वापरायला संकोच करू नका. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी ही साधनं आसनांमध्ये पद्धतशीर आणली, आणि ते स्वतः लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा आजारांतून गेलेले अशक्त मूल होते. साधन घेतलं म्हणजे कच्चं आसन असं नाही, तुमच्या शरीराला त्या आसनापर्यंत नेणारी ती वाट आहे.

ब्लँकेटचं तुमच्यासाठी अजून एक काम आहे. वजन उतरल्यावर हाडांवरची गादी जाते. पूर्वी जमिनीवर बसताना न जाणवलेलं माकडहाड आता टोचतं, पोटावर झोपलं की कमरेची पुढची हाडं मॅटला रुततात. मला वाटायचं हा पाठीचाच त्रास वाढला. तो नव्हता. दुहेरी घडी खाली घेतली की बराचसा संपतो, आणि बसताना ती घडी बैठकीखाली उंच केली तर खुबा पुढे वळायलाही मदत होते. तोलसुद्धा वेगळा लागतो सुरुवातीला, २६ किलो गेलेल्या शरीराचा मध्य जरा बदललेला असतो, म्हणून उभ्या आसनांना, ताडासन-वृक्षासन वगैरे, भिंतीशेजारी उभे राहा.

काय नको ते पटकन सांगते. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, सर्वांगासन, चक्रासन, जोरात पीळ देणारी आसनं, निदान पुढचे काही महिने नाही. सूर्यनमस्कार चांगले आहेत पण त्यात प्रत्येक आवर्तनात दोनदा पूर्ण वाकायचं असतं, १२ घातले तर २४ वेळा, तुमच्या पाठीला आत्ता ते नको. पुढे कधीतरी हात जमिनीऐवजी टेबलावर ठेवून सुरू करता येतील. कपालभाती, भस्त्रिकेत पोटाला झटके बसतात, आतला दाब वाढतो, कळ चालू असताना नकोच. अनुलोम-विलोम, भ्रामरी खुशाल करा, फक्त मांडी घालून बसायचा हट्ट नको, खुर्चीत बसून करा.

क्लास परत लावायचा का? लावा, पण आधी दोन महिने घरी हे करून, आणि जाल तेव्हा शिकवणाऱ्यांशी आधी एकट्याने बोला. एल४-एल५ सांगा, काय करायचं नाही याची यादी सांगा आणि त्यांचं उत्तर ऐका. "काही होत नाही, आम्ही सगळं बरं करतो" असं म्हणाले तर दुसरीकडे बघा. "मग त्या वेळी तुम्ही याऐवजी हे करा" असं म्हणाले तर तिथे जा. हात लावायच्या आधी विचारा, असं स्पष्ट सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि आसनातून मधेच बाहेर यायचाही. गर्दीत आपणच एकटे थांबलो तर कसं दिसेल असं वाटतं ना, मला माहितीये ते वाटणं, त्याच वाटण्यापायी मी त्या दिवशी नको म्हणाले नाही आणि दीड वर्ष घालवलं.

कातडीबद्दल. २६ किलो उतरल्यावर, तेही पन्नाशीच्या आसपास, ती सैल राहणारच, वर्ष-दोन वर्षांत थोडी आवळते, सगळी नाही, आणि योगासनांनी ती जाणार नाही, हे स्पष्ट सांगते म्हणजे खोट्या आशेवर राहणार नाही. खालून स्नायू भरले की जरा वेगळं दिसतं एवढंच. अंगाला बसणारा बनियन पँटमध्ये खोचून त्यावर टीशर्ट घाला, पाय वर असले तरी सरकत नाही. घडीत घाम साचून लाल होत असेल तर व्यायामानंतर धुऊन कोरडं करत जा. आणि लाज... दादा, ती कातडी तुम्ही १४ महिने रोज जे केलंत त्याने सैल झालीये. मी तुमच्या शेजारच्या मॅटवर असते तर मला ते बघून तुमच्याबद्दल आदरच वाटला असता, मनापासून सांगते.

एक गोष्ट मात्र फ्रीजवर लिहून लावावी इतकी महत्त्वाची. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं किंवा लघवी अडकणं, दोन मांड्यांमध्ये, बसायच्या जागी बधिरपणा येणं, पाऊल उचलता न येणं किंवा पायातली ताकद वाढत्या प्रमाणात कमी होणं, यातलं काहीही झालं तर आसन नाही, आराम नाही, त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल. पाठदुखीसोबत ताप, किंवा रात्री झोपेतही न थांबणारं दुखणं असेल तरी डॉक्टरांना लगेच दाखवा. आणि हो, आतापर्यंतचं वजन तुम्ही ठरवून उतरवलंय, पण यापुढे काही न करता आपोआप उतरायला लागलं तर आनंद मानू नका, तेही दाखवा.

जमेल का असं विचारलंत. पायाची बोटं धरता येतील का ते मला सांगता येणार नाही, आणि नाही धरता आली तरी तुमच्या पाठीचं काही अडत नाही. पण झोपून पाय खुर्चीवर ठेवणं, बैठक चार बोटं उचलणं, हात-गुडघ्यांवर स्थिर राहणं, हे तुम्हाला आज संध्याकाळी जमेल.

६ आठवड्यांनी परत लिहा. वहीतले सकाळचे आकडे कळवा, मांडीतली कळ कुठे आहे ते कळवा, मग उभ्या आसनांचं बोलू. आणि तोपर्यंत नाडी बांधायची असेल तर खाली वाकायचं नाही, स्टुलावर बसून पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, नाहीतर सरळ बिननाडीचे बूट आणा.

तुमची,
ताई